मजुरी, माणसांचा व्यापार आणि चर्च : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ८ फेब्रुवारीच्या निमित्ताने संत जोसेफिन बखिता यांच्यावर लिहिलं होतं. कॅथलिक चर्च २०१५ पासून हा दिवस मानवी तस्करीविरोधात प्रार्थनेचा आणि जागृतीचा दिवस म्हणून पाळतं. ज्यांच्या हातात तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते : सुदानच्या दार्फुर भागात १८६९ च्या आसपास जन्मलेली मुलगी, लहानपणीच पळवली गेली, एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राहिली, शेवटी इटलीत आली, तिथे ती स्वतंत्र आहे असा निर्णय झाला, पुढे ती कनोसियन सिस्टर झाली आणि २००० मध्ये तिला संतपद मिळालं. त्या लेखावर बरीच पत्रं आणि मेसेज आलेत, काही प्रेमाने लिहिलेले, काही चांगलेच चिडून, आणि बहुतेकांचा रोख एकच की चर्चने कायद्याच्या मागे का लागावं. जमतील तेवढ्यांना उत्तरं देतेय, नावं कुणाचीच छापत नाहीये.

ताई, बखिताला कायद्याने सोडवलं, चर्चने नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मग बिशपांनी प्रार्थना करावी, अनाथाश्रम चालवावेत, कायदे सरकार बघून घेईल ना. संसदेला पत्रं लिहिणं हे राजकारण झालं.

बखिताचीच गोष्ट परत एकदा नीट बघा. तिची मालकीण तिला आफ्रिकेला परत न्यायला आली तेव्हा ती व्हेनिसमध्ये सिस्टरांच्या घरात होती आणि तिने तिथून निघायला सरळ नकार दिला. सिस्टरांनी तिला गुपचूप दुसरीकडे हलवलं असतं तर ती आयुष्यभर लपूनच राहिली असती. त्यांनी तसं केलं नाही, प्रकरण अधिकाऱ्यांपर्यंत नेलं, व्हेनिसचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथले मुख्य बिशपसुद्धा त्यात पडले, आणि २९ नोव्हेंबर १८८९ ला निर्णय आला की इटलीचा कायदा गुलामगिरी मानतच नाही, त्यामुळे ही बाई कुणाच्याही मालकीची नाही, तिला हवं तिथे ती राहील. आसरा सिस्टरांनी दिला हे खरं, पण तिच्या "मी येणार नाही" या शब्दाला वजन आलं ते कायद्यामुळे, आणि तो कायदा तिच्यापर्यंत पोचला कारण कुणीतरी जाऊन दार ठोठावलं.

आता राजकारणाचं. बायबलमध्ये मजुरीचा विषय दानधर्माच्या खात्यात टाकलेलाच नाहीये, तो देण्याघेण्याच्या खात्यात आहे. त्यातल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत देऊन टाक, मग तो तुझ्या लोकांपैकी असो की परका. याकोबाच्या पत्रात तर अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडतेय असं म्हटलंय. ज्याचं जे आहे ते त्याला मिळालं पाहिजे, आणि समोरचा देत नसेल तर ते मिळवून द्यायला कायदा लागतो, नुसतं मन मोठं असून भागत नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या "रेरुम नोवारुम" या परिपत्रकात हेच कामगारांच्या बाबतीत मांडलं. त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे श्रीमंताकडे स्वतःचं रक्षण करायला स्वतःची साधनं असतात, गरिबाला मात्र राज्याचाच आधार असतो, म्हणून राज्याने त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. आणि दुसरी, मजुराने निरुपायाने किंवा यापेक्षा वाईट होईल या भीतीने तुटपुंजी मजुरी कबूल केली, तर ती कबुली खरी नाही, तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी आहे. आज जे मालक आणि एजंट "त्याने स्वतः सही केलीये" म्हणून हात वर करतात ना, त्यांना हे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. पुढे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये गुलामगिरी, बायका-मुलांची विक्री आणि माणसाला नुसतं नफ्याचं हत्यार समजणारी कामाची परिस्थिती हे सगळं एकाच यादीत घातलं, म्हणजे तस्करी आणि शोषण असे दोन वेगळे कप्पे चर्चने केलेच नाहीत. आणि २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतलं तेही याच लिओंची आठवण ठेवून.

बिशपांनी अमुक पक्षाला मत द्या म्हणणं वेगळं, ते करू नये असंच माझंही मत आहे. पण मजुरी बुडवणाऱ्याला शिक्षा व्हावी हे म्हणायला कुठल्या पक्षात असायची गरज नाहीये.

मानवी तस्करी म्हणजे माणसांना चोरून बॉर्डरपार नेणं ना? मग त्यात कमी पगार, ओव्हरटाइम न देणं हे कुठून आलं? सगळंच तस्करी म्हणायचं का?

नाही, सगळंच नाही, आणि चोरून बॉर्डर ओलांडून देणं ही तर वेगळीच गोष्ट आहे. तिथे पैसे घेऊन पोचवलं की व्यवहार संपतो. तस्करीत पोचल्यावर खरा व्यवहार सुरू होतो, आणि त्यासाठी देशाची सीमा ओलांडायचीही गरज नसते, एकाच देशात, एकाच शहरातसुद्धा तस्करी होते.

संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो प्रोटोकॉल २००० साली झाला, जगातले बहुतेक कायदे आता त्यावरच बेतलेले आहेत. तो तीन गोष्टी बघतो : काय केलं, म्हणजे भरती केली, नेलं, ठेवून घेतलं वगैरे, कसं केलं, म्हणजे धमकी, फसवणूक, जबरदस्ती, कुणाच्या असहायतेचा फायदा, आणि कशासाठी केलं, म्हणजे शोषणासाठी, मग ते लैंगिक असो, जबरदस्तीचं काम असो, गुलामी असो की अवयव काढणं असो. असली साधनं वापरली असतील तर माणसाने आधी हो म्हटलं होतं याला काही अर्थ उरत नाही. आणि अठराच्या आतलं मूल असेल तर साधनं सिद्ध करायचीही गरज नाही.

पण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा वेगळा आहे. हे एकदम घडत नाही हो. एजंटने नोकरी लावून देतो म्हणून फी घेतली, ती भरायला कर्ज काढलं किंवा अंगावर उचल घेतली, पोचल्यावर पासपोर्ट "सांभाळायला" काढून घेतला, सांगितलेल्या पगाराच्या निम्माच हातात, त्यातून राहण्याचे कापले, जेवणाचे कापले, एक खाडा झाला तर दोन दिवसांचे कापले, कर्ज काही फिटत नाही, आणि जातो म्हटलं तर पोलिसात देईन, तुझा व्हिसाच माझ्या नावावर आहे. यातली कुठली पायरी म्हणजे तस्करी? वकील लोक त्यावर वाद घालतील. पण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच कुणी अडवलं असतं तर पुढचं झालंच नसतं, आणि त्या पायऱ्या अडवतात ते साधे कामगार कायदे : एजंटची फी मालकाने भरायची, पासपोर्ट काढून घेणं गुन्हा, पगाराची लेखी पावती, नोकरी बदलायची मुभा. म्हणूनच मला नेहमी वाटतं की तस्करीविरोधी कायदा कडक आणि कामगार कायदा ढिला, असा देश नुसता पोस्टरं छापत बसतो.

आकडा बऱ्याच जणांनी विचारलाय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांचा अंदाज असा की २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख माणसं जबरदस्तीच्या कामात अडकलेली होती, त्यातली ३३ लाख मुलं. आणि यातून वर्षाला २३६ अब्ज डॉलर बेकायदेशीर नफा होतो असा त्याच संघटनेचा २०२४ चा अंदाज आहे. इतका पैसा असल्यावर हे नुसत्या उपदेशाने थांबेल असं कुणाला वाटत असेल तर कठीण आहे.

कॅथलिक चर्चने स्वतः गुलामगिरीला परवानगी दिली होती. पोपचे फर्मान आहेत. हे सोडून तुम्ही फक्त संतांच्या गोष्टी सांगता. उत्तर छापाल का?

छापतेय, कारण तुमचं म्हणणं खरं आहे. पोप निकोलस पाचवे यांनी १४५२ मध्ये पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्ती नसलेल्या लोकांना कायमचं गुलाम करायची मुभा दिली होती, लेखी. पोप पॉल तिसरे यांनी १५३७ मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना गुलाम करता येणार नाही असं जाहीर केलं, ग्रेगरी सोळावे यांनी १८३९ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला, आणि त्याच्या फक्त एक वर्ष आधी, १८३८ मध्ये, अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइट फादरांनी २७२ गुलाम माणसं विकली होती, त्या पैशातला काही भाग जॉर्जटाऊनचं त्यांचं कॉलेज कर्जातून काढायला गेला. त्यात लहान मुलं होती, कुटुंबं होती. वसाहतींच्या काळातल्या "शोधाच्या हक्का"च्या सिद्धान्ताशी, म्हणजे ख्रिस्ती राजांनी शोधलेला प्रदेश त्यांचाच या समजुतीशी, आपला संबंध नाही असं व्हॅटिकनने अधिकृतपणे म्हटलं ते २०२३ मध्ये. किती उशीर झाला हे मी वेगळं सांगायला नको.

आणि हे फक्त जुन्या काळातलंच नाहीये. आयर्लंडमध्ये धर्मभगिनींनी चालवलेल्या मॅग्डलेन लाँड्र्यांमध्ये मुलींना आणि बायकांना वर्षानुवर्षं बिनपगारी कपडे धुवायला लावलं गेलं, शेवटची लाँड्री बंद झाली १९९६ मध्ये. २०१३ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, सरकारने भरपाईची योजना काढली, पण ज्या चार संस्थांनी त्या लाँड्र्या चालवल्या त्यांनी त्या निधीत पैसे घालायला नकार दिला. याचं समर्थन मी करणार नाही, कुणी करूही नये. मजुरी देणं लागते तर लागते, देणेकरी सिस्टर असो की जमीनदार. २०१८ मध्ये व्हॅटिकनच्याच वर्तमानपत्राच्या महिलांच्या मासिकात लेख आला होता की कितीतरी सिस्टर कार्डिनल-बिशपांच्या घरी पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाक-धुणंभांडी करतात, कॉन्ट्रॅक्ट नाही, पगार नाही किंवा नावापुरता. हे चर्चच्या आतूनच छापून आलं हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्या पत्रातला पुढचा मुद्दा, की मग यांनी बोलूच नये, तिथे मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. चर्च गप्प बसलं तर फायदा त्या मजुराचा होणार आहे का? मला उलट वाटतं, चर्चने कायदा मागावा, मोठ्याने मागावा, आणि तो आपल्या शाळा, हॉस्पिटलं, मठ यांनाही लागू होईल असाच मागावा. इन्स्पेक्टर आला तर त्याला गेटवर थांबवू नये.

बिशपांच्या पत्रांनी खरंच कुठे कायदा बदललाय का? एक तरी उदाहरण द्या.

ब्राझील. यावर जरा लांबणार आहे मी, कारण आपल्याकडे हे फारसं कुणी लिहीत नाही.

१९७० च्या सुमाराला ॲमेझॉनच्या जंगलात सरकारच्या सवलती घेऊन मोठमोठे गुरांचे फार्म उभे राहत होते. झाडं तोडायला दूरच्या दुष्काळी भागातून माणसं आणायची, गोळा करणारा मुकादम, त्याला तिथले लोक मांजर म्हणतात, घरी थोडी उचल देऊन ट्रकमध्ये भरून न्यायचा, आणि तिथे पोचेपर्यंतच प्रवासाचं, जेवणाचं कर्ज अंगावर चढलेलं असायचं. पुढे सगळं सामान फार्मच्याच दुकानातून, त्यांच्याच भावाने, हिशेबाची वही त्यांच्याकडे. पळायचं तर आजूबाजूला शेकडो किलोमीटर जंगल आणि बंदूकवाले पहारेकरी. त्या भागात पेद्रो कासाल्दालिगा नावाचे स्पेनहून आलेले बिशप होते, त्यांनी १९७१ मध्ये पहिल्याच जाहीर पत्रात हे सगळं लिहून काढलं, आणि तेही लष्करी राजवट असताना. १९७५ मध्ये बिशपांच्या पुढाकाराने भूमीसाठीचा पास्टोरल आयोग स्थापन झाला, तिथे त्याला सीपीटी म्हणतात. पळून आलेला मजूर पहिल्यांदा यायचा तो चर्चच्या दाराशी, कारण गावातला पोलिस बऱ्याचदा जमीनदाराचाच माणूस. सीपीटीच्या लोकांनी त्यांना जेवू घातलं, आसरा दिला, आणि त्यासोबत जबाब लिहून घेतले. कुठला फार्म, कोण मुकादम, किती दिवस काम, किती पैसे बाकी. वर्षानुवर्षं हे कागद साठत गेले, आणि सरकार म्हणत राहिलं की असलं काही नाहीच.

१९८९ मध्ये पारा राज्यातल्या एका फार्मवरून सतरा वर्षांचा एक मजूर सोबत्यासह पळाला, पहारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या, सोबती मेला, हा मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला म्हणून वाचला. देशात न्याय मिळेना तेव्हा सीपीटी आणि मानवी हक्क संघटनांनी १९९४ मध्ये हे प्रकरण अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगापुढे नेलं. आता बघा काय काय हललं. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाहीर कबूल केलं की ब्राझीलमध्ये गुलामीचं काम चालतं, आणि इन्स्पेक्टरांची फिरती पथकं तयार झाली, ती राजधानीतून यायची, म्हणजे स्थानिक ओळखीपाळखीचा प्रश्न नाही. २००३ मध्ये तडजोड झाली, सरकारने जबाबदारी मान्य केली, त्या मजुराला ५२ हजार रियाल भरपाई दिली, आणि त्याच वर्षी फौजदारी कायद्याचं कलम १४९ बदललं. नव्या कलमात नुसती बेडी किंवा कुलूप नाहीये. जबरदस्तीचं काम, कर्जात अडकवणं, शरीर मोडेल इतके तास राबवणं, आणि माणसाला न शोभणाऱ्या परिस्थितीत काम करायला लावणं, यातलं एक जरी असेल तरी तो गुन्हा. माझ्या मते जगातल्या चांगल्या व्याख्यांपैकी ही एक आहे, कारण मजुराला साखळदंड होता का हे सिद्ध करत बसावं लागत नाही, जनावरांच्या पाण्यातलंच पाणी प्यायला लावत होते एवढंही पुरावा म्हणून धरलं जातं.

मग आली मालकांची काळी यादी. ज्याच्याकडे असं काम सापडलं त्याचं नाव सरकार जाहीर करतं आणि बँका कर्ज द्यायला हात आखडता घेतात. जमीनदारांनी ही यादी कोर्टात नेली, पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. २०१४ मध्ये घटनादुरुस्ती झाली की गुलामीचं काम सापडलं ती जमीन सरकारजमा करता येईल, आणि त्याच वर्षी ब्राझीलच्या बिशपांनी उपवासकाळातल्या देशव्यापी मोहिमेचा विषय मानवी तस्करी हाच ठेवला होता, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये त्यावर चर्चा झाल्या. १९९५ पासून तिथे ६० हजारांहून जास्त मजुरांची सुटका झालीये. हे फुकट झालं नाही, २००४ मध्ये तपासणीला निघालेले तीन लेबर इन्स्पेक्टर आणि त्यांचा ड्रायव्हर उनाई गावाजवळ गोळ्या घालून मारले गेले.

सगळं छान झालं असंही समजू नका. सुटलेले मजूर घरी गेले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तशाच मुकादमाच्या ट्रकमध्ये चढले, असं सीपीटीच्याच लोकांना वारंवार दिसलं, कारण घरी ना जमीन ना काम. म्हणून सुटका झालेल्या मजुराला तीन महिने किमान वेतनाइतका बेकारी भत्ता देणारा कायदा आला, म्हणून थकलेली मजुरी तिथल्या तिथे वसूल करायचा नियम पथकं पाळतात. फोटो काढून, बसमध्ये बसवून घरी सोडलं की सुटका झाली असं मानणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

मी लॉच्या सेकंड इयरला आहे. अमेरिकेत बिशपांनी तस्करीविरोधी कायद्याला पाठिंबा दिला पण पीडित मुलींना गर्भनिरोधक द्यायला नकार दिला, असं वाचलं. हे कसलं सपोर्ट?

प्रकरण खरं आहे, नीट सांगते. अमेरिकेचा तस्करी पीडित संरक्षण कायदा ऑक्टोबर २००० चा. त्यात पीडितांना देशात राहू देणारा टी व्हिसा आला, वर्षाला जास्तीत जास्त ५ हजार. हा कायदा आणि त्याची वेळोवेळी झालेली मुदतवाढ, दोन्हींच्या मागे तिथले कॅथलिक बिशप उभे राहिले. २००६ पासून सरकारने पीडितांना सेवा द्यायचं कॉन्ट्रॅक्ट बिशप परिषदेला दिलं, परिषद ते देशभरातल्या छोट्या संस्थांमार्फत चालवायची, पण अट अशी की गर्भपात किंवा गर्भनिरोधकांसाठी हा पैसा वापरायचा नाही. त्यावर नागरी हक्क संघटनेने केस केली, २०११ मध्ये ते कॉन्ट्रॅक्ट पुढे दिलं गेलं नाही.

माझं मत विचारलंयस तर सांगते, बिशपांना सदसद्विवेकाला पटत नाही ते करायला लावू नये हे मला मान्य आहे. पण सरकारचा पैसा सरकारच्या सगळ्या पीडितांसाठी असतो, आणि बलात्कार सोसून आलेल्या मुलीला डॉक्टरकडे जायचं असेल तर तिची वाट कुणाच्या तरी कॉन्ट्रॅक्टमधल्या कलमामुळे अडू नये, सरकारने ती दुसऱ्या संस्थेमार्फत मोकळी ठेवायलाच हवी. दोन मोठ्या संस्थांच्या भांडणात मधल्यामध्ये ती मुलगी राहते, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

आणि तू लॉ करतेस म्हणून एक सुचवते, या वादाच्या पलीकडचे दोन विषय धर. एक, टी व्हिसासाठी पीडितेने तपासात सहकार्य करायचं असतं, लहान मुलांना आणि मानसिक धक्क्यात असलेल्यांना सूट आहे, पण प्रत्यक्षात घाबरलेली बाई पोलिसांसमोर लगेच बोलत नाही. दुसरं, जबरदस्तीने करायला लावलेल्या गुन्ह्यासाठी पीडितालाच शिक्षा न करण्याचं तत्त्व. खोटी कागदपत्रं, ड्रग्जची ने-आण, आणि आता आग्नेय आशियात कोंडून ठेवलेल्या पोरांकडून करून घेतलेले ऑनलाइन फ्रॉड. व्हॅटिकननेही २०१९ मध्ये तस्करीबद्दल जी मार्गदर्शक पुस्तिका काढली, त्यात पीडितांना गुन्हेगारासारखं वागवू नये याच अंगाने मांडणी आहे.

वेश्याव्यवसाय कायदेशीर केला तर तस्करी कमी होईल असं म्हणतात. चर्चचं काय म्हणणं?

चर्च याला काम मानत नाही, शोषण मानतं, आणि व्हॅटिकनच्या त्याच २०१९ च्या पुस्तिकेत रोख गिऱ्हाइकावर आहे, म्हणजे शिक्षा व्हायची तर विकत घेणाऱ्याला आणि कमावणाऱ्या दलालाला व्हावी. स्वीडनने १९९९ मध्ये असाच कायदा लागू केला. बाईला आरोपी करू नये यावर माझं कुणाशीही दुमत नाही. गिऱ्हाइकाला गुन्हेगार केल्याने बायका जास्त धोक्यात जातात असं या व्यवसायातल्या बायकांच्या कित्येक संघटना सांगतात, आणि त्यांचं म्हणणं त्यांना समोर बसवून ऐकायला हवं, त्यांच्याबद्दल त्यांच्यामागे ठरवू नये.

माझा छोटा एक्स्पोर्टचा धंदा आहे. आता युरोपातले गिऱ्हाईक सप्लाय चेनचे फॉर्म भरायला लावतात. चर्चवाले असल्या कायद्यांना पाठिंबा देतात, पण आमच्यासारख्या लहान माणसाने किती कागद भरायचे?

तुमची अडचण खोटी नाहीये, मोठी कंपनी वकील ठेवते आणि फॉर्म खाली ढकलते. पण कायदा का आला तेही बघा. ब्रिटनने २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तिथले कॅथलिक बिशप त्याच्या बाजूने होते, कार्डिनल निकल्स तर पोलिसप्रमुख आणि बिशपांना एकत्र आणणारा सांता मार्ता गट २०१४ पासून चालवत आले. त्या कायद्यात ३६ दशलक्ष पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी आपल्या धंद्यात आणि सप्लाय चेनमध्ये गुलामगिरी नसावी म्हणून काय केलं याचं दरवर्षी निवेदन काढायचं आहे. पण निवेदन पोकळ असलं तरी दंड नाही. मग काय, सुंदर सुंदर निवेदनं निघाली. म्हणून २०२० मध्ये जगभरातल्या शंभराहून जास्त बिशपांनी मिळून मागणी केली की कंपन्यांनी सप्लाय चेन तपासणं सक्तीचं करा आणि पीडिताला कोर्टात जायची वाट द्या. मला ही मागणी बरोबर वाटते, कारण निवेदन वाचून कुणाची मजुरी मिळत नाही.

तुम्ही फॉर्मच्या आधी तुमच्या सप्लायरकडे स्वतः जा, आणि कामगारांना मालक समोर नसताना विचारा : कामाला लागताना कुणाला पैसे दिले का, अंगावर उचल किती, ओळखपत्र किंवा पासपोर्ट कुणाकडे असतो, गेल्या महिन्याचा पगार कधी झाला, उद्या काम सोडलं तर काय होईल. शेवटच्या प्रश्नाला माणूस गप्प झाला की समजायचं. आणि मोठ्या गिऱ्हाइकाला तुम्हीही सांगा की भाव इतका पाडलात तर कुणाच्या तरी मजुरीतूनच तो निघणार आहे. फॉर्ममध्ये हा रकाना नसतो, तो असायला हवा.

आमच्या धर्मग्रामातला (पॅरिशमधला) युवक गट पुढच्या ८ फेब्रुवारीला कार्यक्रम करणार आहे. मेणबत्ती मोर्चा आणि प्रार्थना ठरलीये. अजून काय करता येईल?

प्रार्थना कराच, तिला कमी लेखू नका, बखिताच्या नावाचा दिवस आहे तो. सिस्टरांचं तलिथा कुम हे तस्करीविरोधी नेटवर्क २००९ पासून चालतं, आज ते ९० हून जास्त देशांत आहे, त्यांच्याकडून कार्यक्रमाचं साहित्य मागवा, आणि त्यांच्यातल्या कुणी बोलायला आल्या तर फारच चांगलं, कारण त्या सुटून आलेल्यांच्या सोबत रोज राहतात. फक्त कुठल्या पीडितेला स्टेजवर उभं करून तिची कहाणी सांगायला लावू नका, प्लीज. चेहरा झाकला तरी नको.

मोर्च्यानंतर तासभर बसून एक काम करता येईल. परदेशी किंवा दुसऱ्या शहरात कामाला जाणाऱ्यांना कॉन्ट्रॅक्ट घेऊन यायला सांगा आणि गटात कुणी वकील किंवा युनियनमधलं माणूस असेल तर एकेक कलम वाचून समजावून द्या : पगार किती, कुठल्या चलनात, सुट्टी कधी, परतीचं तिकीट कुणाचं, मूळ कागद कुणाकडे राहणार. कॉपी घरी ठेवायला लावा. घरकामाला जाणाऱ्या बायकांना सांगा की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी वेगळा करार केलाय, त्यात आठवड्याला सलग २४ तास सुट्टी आणि स्वतःचे कागद स्वतःकडे ठेवायचा हक्क आहे, आणि आपण जातोय त्या देशाने त्यावर सही केलीये का हे जायच्या आधी विचारायचं.

लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणार असाल तर "तस्करी थांबवा" एवढंच लिहू नका, त्याला कुणीही हो म्हणतं. लेबर इन्स्पेक्टरच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि कधी भरणार ते विचारा, तक्रार करणाऱ्या स्थलांतरित मजुराला आधी हद्दपार करणार की आधी त्याची मजुरी देणार ते विचारा, उत्तर लेखी मागा.

आणि हे फादरांना विचारून करा पण कराच : धर्मग्रामाच्या शाळेत, हॉस्पिटलमध्ये, हॉलमध्ये सफाईला, वॉचमनला जी माणसं कंत्राटदारामार्फत येतात, त्यांच्या हातात किमान वेतन पडतं का, पीएफसारखं जे काही कापलं जातं ते खरंच भरलं जातं का, आठवड्याची सुट्टी मिळते का. बिल चर्च भरतं म्हणजे विचारायचा हक्क आहे. कंत्राटदाराने टाळाटाळ केली तर पुढचं बिल पगारपत्रकाशिवाय पास करू नका.